समान हक्कांची मोहीम: मागणी आधी, मोर्चा नंतर

लैंगिकता किंवा लिंगभाव काहीही असो, सगळ्यांना समान हक्क मिळावेत म्हणून मोहीम उभारणारे गट बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. आधी गटाचं नाव ठरतं, मग बोधचिन्ह, मग सोशल मीडियावरचं पान, मग मोर्चाची तारीख. मोर्चा चार दिवसांवर आला की कुणीतरी विचारतं, "पत्रकारांनी विचारलं नेमकं काय हवंय, तर काय सांगायचं?" आणि पाच जण पाच उत्तरं देतात.

खाली दिलेला क्रम त्या घोळावरचा आहे. एखाद्या संस्थेचा प्रवेशअर्ज बदलायचा असो की देशाचा कायदा, टप्पे तेच राहतात. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ तेवढा बदलतो. पहिले चार टप्पे बाहेरून कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे ते गाळायचा मोह होतो. मोहिमा फसतात त्या तिथेच.

टप्पा १: मागणी एका वाक्यात लिहा

"आम्हाला समानता हवी" असं म्हटलं की समोरचा "आम्हीही समानतेच्याच बाजूचे" म्हणून मोकळा होतो, आणि काहीच बदलत नाही. मागणी अशी हवी की तिला हो किंवा नाही म्हणावंच लागेल, आणि हो म्हटलं तर कुठल्यातरी कागदावर सही करावी लागेल.

त्यासाठी आधी विषयाची वाटणी करून घ्या. समान हक्क या एका नावाखाली निदान सहा निरनिराळी कामं येतात:

• समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा रद्द करणं
• नोकरी, शिक्षण, घर आणि दवाखान्यातल्या भेदभावाला बंदी
• स्वतःची लिंगओळख कागदपत्रांवर नोंदवण्याचा हक्क
• जोडीदाराचं नातं, वारसा, मुलांचं पालकत्व
• लैंगिक कल "बदलण्या"च्या नावाखाली होणाऱ्या तथाकथित उपचारांना बंदी
• इंटरसेक्स (जन्मतः शरीराची लैंगिक वैशिष्ट्यं ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणाऱ्या) बाळांवर त्यांच्या संमतीविना होणाऱ्या अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी

प्रत्येकाचा कायदा वेगळा, विरोधक वेगळे, लागणारे तज्ज्ञ वेगळे. एका मोहिमेत यातलं एकच घ्या. उरलेलं सोडून द्यायचं नाही, पण एकाच पत्रकात कोंबायचंही नाही.

आता वाक्य. समजा तुमच्या संस्थेत भेदभावविरोधी नियम आहे आणि त्यात धर्म, जात, वंश, अपंगत्व असे शब्द आहेत. कच्ची मागणी अशी असते: "संस्थेने एलजीबीटीक्यू व्यक्तींना सन्मानाने वागवावे." पक्की मागणी अशी: "नियमातील भेदभावाच्या आधारांच्या यादीत लैंगिक कल, लिंगओळख, लिंगभावाची अभिव्यक्ती आणि शरीराची लैंगिक वैशिष्ट्ये हे चार आधार घालावेत, आणि या तारखेपर्यंत सुधारित नियम जाहीर करावा."

हे चार आधार मनाने काढलेले नाहीत. २००६ साली इंडोनेशियातल्या योग्यकार्ता इथे जमलेल्या मानवी हक्क तज्ज्ञांनी जी तत्त्वं मांडली, त्यांत लैंगिक कल आणि लिंगओळख होती. २०१७ मध्ये त्यांना पुरवणी जोडली गेली तेव्हा लिंगभावाची अभिव्यक्ती आणि लैंगिक वैशिष्ट्यं हे दोन आधारही आले. ही तत्त्वं कुठल्या सरकारवर बंधनकारक नाहीत, पण मसुदा लिहिताना त्यांचा आधार दाखवता येतो. फक्त "लैंगिक कल" लिहून थांबलात तर पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेला) कर्मचारी नियमाबाहेर राहतो. "लिंगओळख" लिहून थांबलात तर पारलिंगी नसलेल्या पण बायकी चालतो म्हणून छळल्या जाणाऱ्या मुलाला संरक्षण मिळेलच याची खात्री नाही. इंटरसेक्स व्यक्तीला तर चौथ्या आधाराशिवाय या नियमाचा उपयोग जवळजवळ शून्य.

तपासा: मागणीचं वाक्य गटाबाहेरच्या एखाद्याला वाचून दाखवा आणि विचारा, "हे झालं की नाही हे कसं कळेल?" त्याला सांगता आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: सही कोणाची लागते ते शोधा

मागणी योग्य आणि पत्ता चुकीचा, ही दुसरी नेहमीची चूक. महाविद्यालयाच्या प्राचार्यांपुढे धरणं धरलं जातं आणि अर्जाचा नमुना विद्यापीठ ठरवत असतं. शहराच्या प्रशासनाकडे असं निवेदन जातं ज्यातला विषयच संसदेच्या अखत्यारीतला असतो.

एक कागद घ्या, चार रकाने आखा. पहिल्यात सही करणारी व्यक्ती किंवा मंडळ. दुसऱ्यात ती सही होण्याआधी कागद कोणाकोणाच्या टेबलावरून जातो. तिसऱ्यात त्यांतल्या कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाचं ऐकतं. चौथ्यात त्यांची भीती: निवडणूक, देणगीदार, पालक, बातमी, कोर्ट. चौथा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. वाटाघाटी मात्र पुढे त्याच रकान्यावर होतात.

कायदाच बदलायचा असेल तर दोन वाटा असतात, कोर्ट आणि कायदेमंडळ. एकीवर भिस्त ठेवून दुसरीकडे पाठ फिरवली की काय होतं याची दोन उदाहरणं लक्षात ठेवा. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला, आणि असे संबंध गुन्हा नाहीत हा पाच सदस्यांच्या घटनापीठाचा अंतिम निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. तैवानमध्ये घटनात्मक न्यायालयाने मे २०१७ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मान्य केला आणि सरकारला दोन वर्षं दिली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, विरोधकांनी सार्वमत घेतलं आणि ते मोठ्या फरकाने जिंकलं. विवाहाचा कायदा मे २०१९ मध्ये झाला खरा, पण नागरी संहितेला हात न लावता, वेगळा कायदा म्हणून.

दोन्हीकडे धडा सारखाच. कोर्टात जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचं काम थांबवायचं नसतं, वाढवायचं असतं.

टप्पा ३: आत कोण आहे ते बघा

हा टप्पा थोडक्यात, कारण करायचं काय ते सोपं आहे. अवघड आहे ते मान्य करणं.

ज्यांच्या हक्काची मागणी आहे ते निर्णय घेणाऱ्या गटात हवेत, केवळ मंचावर नकोत. पारलिंगी व्यक्तींच्या कागदपत्रांची मोहीम सहा समलिंगी पुरुष चालवत असतील तर थांबा आणि आधी माणसं जोडा. मित्र आणि पाठीराखे लागतातच. त्यांनी पैसे, वेळ, जागा, ओळखी द्याव्यात आणि अवघड दारं ठोठवावीत. मुलाखत मात्र त्यांनी देऊ नये.

सावधान: वाटाघाटीत कधीतरी हमखास प्रस्ताव येतो: "समलिंगींचं आत्ता करून टाकू, पारलिंगींचं पुढच्या वेळी बघू." तेव्हा काय उत्तर द्यायचं हे आजच, शांत डोक्याने, सगळ्यांनी मिळून ठरवा आणि लिहून ठेवा. बैठकीच्या खोलीत ऐनवेळी ठरवलेलं उत्तर गट फोडतं, आणि फुटलेला गट पुन्हा बांधताना मूळ मागणीपेक्षा जास्त वर्षं जातात.

पैशाचं एवढंच: पहिल्या दिवसापासून हिशेब दोन माणसांनी ठेवावा आणि तो गटातल्या कुणालाही बघता यावा.

टप्पा ४: सुरक्षितता, कागद आणि संमती

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते विरोधकांकडून कमी, आपल्याच माणसांच्या निष्काळजीपणातून जास्त. एखाद्याची ओळख त्याच्या मनाविरुद्ध उघड झाली की घर सुटतं, नोकरी जाते, मारहाण होते. मागाहून माफी मागून यातलं काही परत मिळत नाही.

आधी कायदा बघा. जिथे समलिंगी संबंध अजून गुन्हा आहे, तिथे हा लेख जसाच्या तसा वापरू नका. युगांडाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात काही बाबतींत मृत्युदंडाचीही तरतूद आहे, आणि समलैंगिकतेचा पुरस्कार करणं हादेखील तिथे गुन्हा आहे. अशा ठिकाणी सभासदांची यादीच करायची नाही, वकिलाचा सल्ला सर्वांत आधी, आणि बोलायचं काम शक्यतो देशाबाहेरच्या माणसांनी करायचं.

बाकी ठिकाणी पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

१. यादी कमीत कमी ठेवा. खरं नाव लागतंच का? कामापुरतं टोपणनाव आणि संपर्काचा एक मार्ग पुरतो. कोण समलिंगी, कोण पारलिंगी, कोण पाठीराखा असा रकाना तर कुठल्याच यादीत नको. "ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल" अशी ठेवलेली ऑनलाइन यादी म्हणजे चौकात लावलेला फलकच.

२. बोलण्याची ठिकाणं वेगळी ठेवा. मेसेजिंगच्या मोठ्या ग्रुपमध्ये फोन नंबर आणि प्रोफाइलचा फोटो एकमेकांना दिसू शकतो. घोषणांसाठी असा ग्रुप चालेल, वैयक्तिक अनुभव सांगायला तो नको. संवेदनशील बोलणं ठरावीक वेळाने आपोआप पुसलं जाणाऱ्या मेसेजवर करा, आणि फोन हरवला तर कुणाला कळवायचं ते आधी ठरवा.

३. फोटोचा नियम कार्यक्रमाआधी सांगा, कार्यक्रमात नको. मोर्चात "फोटो नको" म्हणणाऱ्यांसाठी ठरावीक रंगाची फीत ठेवा आणि छायाचित्रकाराला ती दाखवून ठेवा. फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, ती काढूनच फाइल पुढे पाठवा.

४. संमती थरांनी घ्या. कुणाचा अनुभव छापायचा असेल तर "छापू का?" एवढं विचारून भागत नाही. नाव चालेल का? चेहरा? आवाज? फक्त संस्थेच्या अहवालात, की वर्तमानपत्रातही? किती दिवस? पुढे नको वाटलं तर काढून टाकता येईल का? छापील मजकूर परत घेता येत नाही, हे स्पष्ट सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: "तुमच्या घरच्यांनी हे बघितलं तर काय होईल?" यावर समोरचा जरा थांबला, तर त्या दिवशी सही घेऊ नका. एक रात्र जाऊ द्या आणि मग पुन्हा विचारा.

चेहरा धूसर केला की ओळख लपली, हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. माणसं ओळखली जातात ती हातावरच्या गोंदणावरून, बोलायच्या लकबीवरून, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. "एका लहान गावातली शिक्षिका, वय ३४, एक भाऊ परदेशात" असं नाव न घालता लिहिलं तरी त्या गावाला नाव कळतंच. प्रसिद्ध करण्याआधी मजकूर त्याच व्यक्तीला दाखवा आणि विचारा, "तुमच्या शेजाऱ्याने हे वाचलं तर तुम्हाला ओळखेल का?"

५. मदतीची साखळी आधीच तयार ठेवा. एक वकील, एक डॉक्टर, एक समुपदेशक, रात्री आसरा देऊ शकेल अशी एक जागा. चारही ठिकाणी फोन करून खात्री करून घ्या. नुसता नंबर लिहून ठेवणं म्हणजे तयारी नव्हे.

तपासा: गटातल्या एकाचा फोन आज चुकीच्या हाती पडला तर किती जणांची ओळख उघडी पडेल? उत्तर दोनपेक्षा जास्त असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ५: पुरावा गोळा करा, पण तपासून

प्रत्येक घटनेची नोंद एकाच साच्यात करा: तारीख, जागा, काय झालं, कोण हजर होतं, कागद किंवा मेसेज काय आहे, तक्रार केली का, काय उत्तर आलं. "छळ झाला" लिहू नका. "हजेरीपटावरचं जुनं नाव वर्गात तीनदा मोठ्याने पुकारलं" असं लिहा. वाचणाऱ्याने चित्र डोळ्यांसमोर आणावं. विशेषणं त्याची त्याला सुचतील.

आकड्यांच्या बाबतीत कंजूष राहा. इंटरनेटवर फिरणारे टक्के बहुतेक वेळा कुठून आले हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि एक आकडा खोटा निघाला की तुमचे दहा खरे अनुभवही संशयात सापडतात. याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. घरोघरी जाऊन समलिंगी विवाहाविषयी बोलल्याने लोकांची मतं पालटतात, असं सांगणारा एक अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण त्यातली माहिती विश्वासार्ह नव्हती. ती गडबड उघडकीला आणणाऱ्यांत डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोन संशोधक होते. तशाच पद्धतीचा खरा प्रयोग पुढे त्यांनीच तपासला. त्याचा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे.

"हा आजार आहे" या आक्षेपासाठी दोन तारखा खिशात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून समलैंगिकता वगळण्याचा निर्णय १७ मे १९९० रोजी झाला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली गेली. तारखा शांतपणे सांगा आणि पुढे चला. या मुद्द्यावर वाद घालत बसलात तर बैठकीचा वेळ संपतो आणि मागणी तशीच राहते.

टप्पा ६: बोलायला शिका

पत्रकं वाटून मत बदलणारी माणसं थोडी. संभाषणाने बदलणारी जास्त, पण तेही विशिष्ट पद्धतीने केलं तर. ब्रूकमन आणि काला यांनी तपासलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मायामीतल्या प्रयोगात कार्यकर्त्यांनी मतदारांशी दारात उभं राहून सुमारे दहा मिनिटं बोलणं केलं. पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह त्यातून कमी झाला आणि निदान तीन महिने तो कमीच राहिला. कार्यकर्ता स्वतः पारलिंगी असो वा नसो, परिणाम दिसला. पुढे २०२० मध्ये याच संशोधकांनी दाखवलं की या बोलण्यातून एकमेकांचे अनुभव सांगणं-ऐकणं काढून टाकलं आणि नुसते युक्तिवाद ठेवले, तर परिणाम उरत नाही.

म्हणजे करायचं काय, ते क्रमाने:

१. मागणी एका वाक्यात सांगा आणि विचारा, "शून्य ते दहा, तुम्ही कुठे आहात?"

२. उत्तर काहीही येवो, कपाळाला आठी नको. "असं का वाटतं?" विचारा आणि पूर्ण ऐका. चुकीची माहिती लगेच दुरुस्त करायची नाही. हे शिकायला सर्वांत जड जातं, शिकलेल्या माणसांना तर फारच.

३. "तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का?" विचारा. नसेल तर स्वतःचा किंवा परवानगी घेतलेला एखादा अनुभव दोन मिनिटांत सांगा.

४. आता त्यांच्याकडे वळा: "तुम्हाला कधी कुणी वेगळं पाडलं होतं?"

५. उत्तराची वाट बघा. शांतता भरून काढू नका.

६. दोन्ही अनुभवांमधला धागा त्यांनाच जोडू द्या. मग मागणी पुन्हा सांगा आणि पुन्हा विचारा, "आता शून्य ते दहा?"

चौथ्या पायरीवर प्रत्यक्षात काहीसं असं होतं. "मला? नाही बुवा." थोडा वेळ जातो. "कामावर नवीन होतो तेव्हा माझ्या बोलण्याची नक्कल करायचे सगळे. वर्षभर. जेवायला एकटा बसायचो." इथे नवखा कार्यकर्ता उत्साहाने म्हणतो, "बघा, आमचंही अगदी तसंच!" आणि सगळं बिघडवतो. "मग काय केलंत?" एवढंच विचारा. तो माणूस बोलत राहील, आणि वळण स्वतःच घेईल.

सावधान: विरोधकांचा आरोप तुमच्या पत्रकाचा मथळा होऊ देऊ नका. "आम्ही मुलांना बिघडवत नाही" असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या डोक्यात मुलं आणि बिघडणं हेच दोन शब्द राहतात. तैवानच्या २०१८ च्या सार्वमतात शाळेतल्या समानतेच्या शिक्षणाविरुद्धही एक प्रश्न होता, आणि पालकांची भीती हे विरोधकांचं मोठं हत्यार होतं. त्यावर उत्तर द्यायचं तर पालकांनीच द्यावं, तेही आपल्या मुलाला शाळेत काय सोसावं लागलं हे सांगत.

आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी विवाह समानतेला होकार दिला. तिथल्या मोहिमेने जोर दिला होता तो वाद जिंकण्यावर नव्हे, तर लोकांनी आपल्या घरात, आपल्या माणसांशी बोलण्यावर. ज्यांचं मत ठाम विरोधी आहे त्यांच्यामागे धावू नका. तीन ते सातच्या मधल्यांकडे जा. शून्यवाल्याशी तासभर हुज्जत घालण्यात एक वेगळीच मजा असते, पण त्या तासात मधले सहा जण निसटतात.

टप्पा ७: मागणी सादर करा, आणि पायऱ्या ओलांडू नका

आता कुठे बाहेर पडायचं. क्रम असा:

१. लेखी निवेदन. एक पान. वर मागणीचं वाक्य, खाली तीन कारणं, सोबत सुधारित नियमाचा तयार मसुदा. मसुदा जोडला नाही तर "समिती नेमू" हे उत्तर ठरलेलं. पोच घ्या.

२. बैठक. तिघे जा: एक बोलणारा, एक टिपणं घेणारा, एक ऐकणारा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपण असं म्हणालात, आमच्या समजुतीत चूक असेल तर कळवावे." उत्तर आलं नाही तरी हा ईमेल पुढे कामाला येतो.

३. आतला दबाव. दुसऱ्या टप्प्यातला कागद काढा आणि ज्यांचं ऐकलं जातं त्यांच्याकडून शब्द टाकवा. कामगार संघटना, शिक्षक, डॉक्टर, माजी विद्यार्थी.

४. जाहीर सह्या. सही करणाऱ्याचं नाव प्रसिद्ध होणार की नाही, हे सहीच्या वरच, मोठ्या अक्षरांत.

५. सभा, मोर्चा, बातमी. पोलिसांची परवानगी, मार्ग, पाणी, प्रथमोपचार, स्वयंसेवक, वकिलाचा नंबर. घोषणा तीनच, आणि त्यांतली एक मागणीचीच.

६. कोर्ट. वकिलाशी बोलणं पहिल्या महिन्यातच झालेलं हवं. याचिका मात्र बाकीच्या पायऱ्यांचे कागद हातात आल्यावर. "आम्ही विचारलं होतं, त्यांनी नाकारलं" हे सिद्ध करणारे कागद इथेच लागतात.

पाचव्या पायरीवरून सुरुवात केली तर अधिकाऱ्याला सोपी पळवाट मिळते: "आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं." तो खरंच बोलत असतो.

तपासा: प्रत्येक पायरीला उत्तरासाठी तारीख दिली आहे का? तारीख उलटली की पुढची पायरी कोण घेणार, त्याचं नाव लिहिलं आहे का?

टप्पा ८: हल्ला होणार हे धरून चला

शिवीगाळ, धमक्या, खोटे स्क्रीनशॉट, घरी फोन. मोहीम परिणाम करू लागली की हे वाढतं. धमकीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपा, मगच ब्लॉक करा. कमेंट वाचायचं काम आळीपाळीने वाटा आणि ज्याच्यावर व्यक्तिगत हल्ला होतोय त्याला त्या आठवड्यात ते काम देऊ नका. उत्तर देणारा आवाज एकच असावा. रागाच्या भरात पाच जणांनी दिलेली पाच उत्तरं विरोधक जपून ठेवतात.

थकवा हादेखील धोकाच. सतत आपलीच कहाणी सांगायला लागलेली माणसं आतून रिकामी होतात. एकाच व्यक्तीला दर कार्यक्रमात उभं करू नका, ती स्वतः हो म्हणत असली तरी.

टप्पा ९: होकार मिळाल्यावर

इथे फटाके फुटतात, गट पांगतो, आणि नियम कपाटात जातो. अर्जेंटिनाच्या २०१२ च्या कायद्याने लिंगओळख बदलायला डॉक्टरचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश लागणार नाही असं स्पष्ट लिहिलं. हे असं लिहून घ्यावं लागतं. नाहीतर कायदा हक्क देतो आणि खिडकीवरचा कारकून "दाखला आणा" म्हणतो.

म्हणून सही होण्याआधीच या गोष्टींची उत्तरं कागदावर आणा: अर्जाचे नवे नमुने कधी छापणार? संगणकातल्या नोंदीत नवा रकाना कोण घालणार? जुन्या गुणपत्रिका आणि दाखले नव्या नावाने मिळतील का, आणि त्यासाठी जुनी ओळख किती टेबलांवर सांगावी लागेल? तक्रार कुणाकडे, आणि किती दिवसांत निकाल? कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कोण देणार? या सगळ्याला पैसे कुठल्या खात्यातून?

यांतला संगणकातला रकाना सर्वांत जास्त छळतो. नियम बदललेला असतो, पण प्रणाली "पुरुष" किंवा "स्त्री" निवडल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. हे काम कंत्राटदाराकडे असेल तर त्याच्या कंत्राटात बदल करायला लागतो, आणि त्याचं टेबल वेगळं. दुसऱ्या टप्प्यातला कागद पुन्हा एकदा काढा आणि नव्याने भरा.

गटातल्या दोघांना वर्षभर फक्त या पाठपुराव्याला ठेवा. सहा महिन्यांनी, ज्याला खरोखर गरज आहे आणि ज्याची तयारी आहे अशा व्यक्तीसोबत जाऊन नव्या नियमाखाली अर्ज भरा. कोणत्या खिडकीवर तो थांबला, तिथे काय सांगितलं गेलं, ते पाचव्या टप्प्यातल्या साच्यातच नोंदवा आणि ज्याने सही केली त्याच्याकडे लेखी पाठवा.